एकट्याने नाताळास निघणाऱ्याची कैफियत

महाराष्ट्रीय कुटुंबात एखाद्या इसमाने काशीयात्रेस निघण्याचा, नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहण्याचा, किंबहुना उतारवयात सतारीचा वर्ग लावण्याचा मनोदय जाहीर केला, तर घरची मंडळी फार तर एक सुस्कारा टाकून तो सहन करतात. परंतु कर्जमुक्त, नोकरीत कायम आणि वरकरणी शहाण्या दिसणाऱ्या माणसाने ऐन डिसेंबरात, तेही परदेशी, आणि तेही एकट्याने जाण्याचा इरादा बोलून दाखवताच जी चौकशी सुरू होते, ती सरकारी खात्यातील अफरातफरीच्या चौकशीहून सौम्य असते असे मला म्हणवत नाही. ‘‘एकटाच?’’ हा प्रश्न मला थोरल्या बहिणीने, धाकट्या मेहुण्याने, शेजारच्या काकूंनी, आणि ज्याचा या प्रकरणाशी काडीमात्र संबंध नाही अशा इस्त्रीवाल्यानेही केला. ‘‘भांडलास कुणाशी?’’ हे मात्र फक्त आत्यानेच विचारले.

वस्तुतः कारण साधे होते. नाताळाचा थाट त्याच्या माहेरी जाऊन पाहावा, आणि तो पाहताना ‘‘चला आता, जेवायची वेळ झाली’’ असे म्हणणारे कोणी बरोबर नसावे, एवढीच माझी माफक आकांक्षा होती.

मुक्काम कोठे करावा, याचा खल बरेच दिवस चालला. लंडनची तरफदारी करणारे पुष्कळ भेटले. परंतु २५ डिसेंबरला त्या शहरातील भुयारी रेल्वे, बसगाड्या आणि आगगाड्या अशी सर्वच वाहने विश्रांती घेतात, असे समजल्यावर, ज्या शहरात जाऊन दिवसभर स्वतःच्याच पायांवर विसंबावे लागेल तेथे जाण्यापेक्षा पर्वतीच्या पायऱ्या काय वाईट, असे मला वाटू लागले. फिनलंडातील रोव्हानिएमी येथे, आर्क्टिक वृत्तावर, साक्षात सांताक्लॉजचे टपालघर आहे. पण तेथे त्या दिवसांत सूर्य दुपारच्या सुमारास जेमतेम दोन तास क्षितिजावर टेकून, हजेरीपटावर सही करून लगबगीने निघून जाणाऱ्या कारकुनाप्रमाणे, पुनश्च दिसेनासा होतो. न्युरेम्बर्गचा विख्यात बाजार २४ तारखेस दुपारीच आवरतो, म्हणजे सणासाठी गेलेल्या माणसाने सणाच्या दिवशी मिटलेल्या राहुट्या मोजीत बसावे. अखेरीस व्हिएन्नाची निवड झाली. तेथील नगरभवनासमोरचा बाजार २६ तारखेपर्यंत चालतो, ट्रामगाड्या सणासही धावतात, आणि २४ च्या मध्यरात्री संत स्टीफनच्या प्रधान मंदिरात जी प्रार्थना होते, तीत एकट्याने उभ्या असलेल्या माणसास कोणी कारण विचारीत नाही.

यानंतर व्हिसाचे प्रकरण उद्भवले. घरच्यांना मी का जातो हे पटवायचे होते. वकिलातीस मी परत का येईन हे पटवायचे होते, आणि या दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी लढताना माझी अशी त्रेधा उडाली, की एके सायंकाळी आत्यासमोर मी वेतनाचा दाखला, रजामंजुरीचा हुकूम आणि आयकराची विवरणे मांडून बसलो. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि पंधरा दिवसांहून उशिरा चालत नाही. पारपत्राची मुदत परतीनंतरही निदान तीन महिने शिल्लक असावी लागते. शुल्क ९० युरो, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही, या बाबतीत युरोपातील राष्ट्रे आमच्या कोर्टफीच्या परंपरेस जागतात. सर्वांत बिकट प्रसंग विम्याचा. निदान ३०,००० युरोंचा विमा उतरावा लागतो, आणि त्यात आजारपणाबरोबरच, प्रवासी तिकडेच निवर्तल्यास त्याचा देह स्वदेशी पोचविण्याच्या खर्चाचीही तजवीज असावी असा दंडक आहे. हे कलम आत्याने चष्मा पुसून दोनदा वाचले आणि शांतपणे विचारले, ‘‘आणि तिकीट परतीचेच काढले आहेस ना?’’

एकट्या माणसाकडे पाहण्याची व्यापारी दृष्टीही मोठी विलक्षण असते. सहलीच्या कचेऱ्यांत दोघांच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्यावर जादा आकार बसवितात. सारांश, निजणारा एक, आणि अनुपस्थित सहचराचे भाडे भरणाराही तोच.

शिदोरीवरून तर घटनात्मक पेच निर्माण झाला. युरोपीय संघात बाहेरील प्रवाशास दूध व मांस यांपासून केलेले पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे, तेव्हा तुपाची बरणी, पेढे आणि श्रीखंडाचा चक्का हे मुद्देमाल पहिल्याच झडतीत गळले. मेतकूट, चिवडा आणि खाकरे निर्दोष ठरले. परंतु डिंकाच्या लाडवात मुरलेले तूप हे दुग्धजन्य पदार्थ धरावे की लाडवाचा अविभाज्य स्वभाव, यावर आत्या आणि मेहुणे यांच्यात जो युक्तिवाद झाला, तो ऐकून मी लाडू येथेच खाऊन जाण्याचा तोडगा काढला.

इतके झाल्यावर खरी मेख ध्यानात आली. नाताळ हा तिकडे बाजाराचा नव्हे, घराचा सण. महिनाभर रस्त्यावर झगमगणारे ते शहर २४ च्या सायंकाळी आपापल्या झाडाभोवती जाऊन बसते. बहुतेक भोजनगृहे त्या रात्री बंद, आणि घराघरांतून रोहूच्या बिरादरीतील तळलेल्या कार्प माशाचा बेत शिजत असताना परस्थाने मेतकूटभातावर, तोही भात मिळाल्यास, समाधान मानायचे. मला याचे वैषम्य वाटले नाही. उलट, चारचौघांत मिसळण्याची सक्ती नसलेला सण ही एकट्याला पर्वणीच आहे. बाजार पाहायचा तर तो २३ पर्यंत मनसोक्त पाहावा, २५ ला शोनब्रुनचा राजवाडा उघडा असतो, तेथे जावे, आणि मधली सायंकाळ निमूटपणे खोलीत काढावी, असा बेत मी कायम केला आहे.

ज्या वाचकांचा असाच विचार असेल, त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की ऑस्ट्रियातील दुकाने २४ डिसेंबरला दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, २५ आणि २६ हे दोन्ही दिवस सार्वजनिक सुटीचे असतात, आणि उघडी राहतात ती मुख्यत्वे मोठ्या रेल्वेस्थानकांतील काही दुकाने. सबब पाव, दूध आणि फळे २३ लाच घेऊन ठेवावीत.