घाटकोपर ते नरिमन पॉइंट, व्हाया मोझार्ट

पाश्चात्त्य संगीतवाल्यांचं एक मला नेहमी दडपण येतं. त्यांचं सगळं आधी ठरलेलं असतं. आपल्याकडे बुवा बैठकीवर येऊन बसतात, तंबोरे जुळतात, बुवा खाकरतात, समोर कोण कोण आलंय ते बघून घेतात, आणि मग कुठे आज काय गायचं याचा विचार सुरू होतो. तबलजीला ताल कळतो तो बुवांनी पहिली मात्रा टाकल्यावर. तिकडे मात्र कुठल्या महिन्यातल्या कुठल्या तारखेला, संध्याकाळी किती वाजता, कोणाची कितव्या नंबरची सिंफनी कुठल्या स्वरात वाजणार आणि समोर उभं राहून काठी कोण हलवणार, हे कित्येक आठवडे आधी छापून तयार. पावसाचा अंदाजसुद्धा आपल्याला इतक्या खात्रीने कोणी देत नाही.

सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा आपल्याच मुंबईचा वाद्यवृंद. २००६ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो उभा केला. सुरुवातीला यातले पुष्कळ वादक बिसेनगालिएव यांनी आपल्या मुलखातून आणले होते. म्हणजे आमचे घाटकोपरचे लोक नोकरीला बॅलार्ड पिअरला जाताना कुरकुरत होते, त्याच काळात काही माणसं कझाकस्तानातून नरिमन पॉइंटला व्हायोलिन वाजवायला येत होती. वर्षात दोनदा या वाद्यवृंदाचा सिझन असतो: एक फेब्रुवारीच्या आसपास आणि दुसरा सप्टेंबरच्या.

फेब्रुवारीबद्दल तक्रार नाही. सप्टेंबरचं मात्र कोणीतरी घाटकोपरला विचारून ठरवायला हवं होतं. त्या दिवसांत आमच्याकडे बहुतेक गणपती तरी असतात, नाहीतर नुकतेच गेलेले असतात आणि नवरात्र दारात उभं असतं. बेंजो पार्टीची पोरं तेव्हा दिवसाला दोन-दोन ठिकाणी वाजवतात. त्यांचाही तो सिझनच, आणि वर्षाची निम्मी कमाई त्यातच. गल्लीच्या तोंडाशी नाशिक ढोल, मागच्या गल्लीत कच्छी बाजा, आणि तिसरीकडे मंडळाचा ऑर्केस्ट्रा. त्यात ‘किशोरचा आवाज’ आणि ‘लताचा आवाज’ म्हणून जे येतात त्यांची स्वतःची नावं शेवटपर्यंत कळत नाहीत. दर दोन गाण्यांनंतर निवेदक मंडळाच्या आधारस्तंभांची नावं वाचतो. आधारस्तंभ इतके असतात की मंडप नुसता त्यांच्यावर उभा राहावा, बांबूंची गरज पडू नये. प्रेक्षकांतून फर्माइशीच्या चिठ्ठ्या येतात. काय गायचं हे इथे आम्ही ठरवतो, आणि ते आवडलं की नाही हे गाणं संपायच्या आतच सांगतो.

अशा वातावरणात मी त्या सिझनचं पत्रक घरी आणलं. आमच्या मजल्यावर दारं उघडीच असतात, त्यामुळे कुठलाही छापील कागद आधी समोरच्या बेन वाचतात, मग शेजारचे काका, आणि उरला तर आम्ही. बेननी त्यातला फोटो नीट पाहिला. सत्तर-ऐंशी माणसं काळ्या कपड्यांत, प्रत्येकासमोर स्टँड.

“आटला बधा माणस,” त्या म्हणाल्या, “ने एकेय गातो नथी?”

मी म्हणालो, बेन, बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीत गातात. पण पाऊण तास झाल्यावर. त्यांनी कागद काकांकडे दिला.

काका रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना संगीतापेक्षा मनुष्यबळाचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं शोधताशोधता माझं जे शिक्षण झालं, ते कुठल्या पुस्तकाने झालं नसतं. उदाहरणार्थ, बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोन आहे. पण तो चौथ्या भागात वाजतो. पहिले तीन भाग, म्हणजे वीस मिनिटांच्या वर, ट्रॉम्बोनवाले तीन गृहस्थ मांडीवर वाद्य घेऊन नुसते बसून असतात. द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ नावाची सिंफनी आहे, १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजली. पाऊण तासाच्या त्या अख्ख्या रचनेत झांजेचा ठोका एकच. तोही हलका.

“एकच?” काका म्हणाले.

“एकच.”

“आणि तो चुकला तर?”

मी गप्प बसलो.

“पगार पूर्ण मिळतो?”

आमच्या लेझीम पथकातला झांजवाला दोन तास एक क्षण हात थांबवत नाही आणि त्याला शेवटी वडापाव मिळतो, हे काकांच्या मनात आलं असणार. मलाही आलं. पण खरं सांगायचं तर त्या एका ठोक्याच्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. पाऊण तास मोजत राहायचं, झोप येऊ द्यायची नाही, आणि मग बरोब्बर त्या क्षणी, तेही हळूच. सरकारी कचेऱ्यांतून असा माणूस बसवला तर देशाचं कल्याण होईल.

काकांची पुढची हरकत काठीवाल्याबद्दल होती. सगळा वेळ लोकांकडे पाठ करून उभं राहणाऱ्या माणसाला टाळ्या का द्यायच्या, हे त्यांना पटेना. त्याचं नाव पत्रकावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात असतं, हे तर मुळीच नाही.

तर मुख्य अडचण टाळ्यांची. सिंफनीला सहसा चार भाग असतात. पहिला भाग जोरात संपतो. शंभर टक्के संपला असं वाटतं, हात आपोआप वर येतात, आणि सभागृहातली जाणकार मंडळी मान वळवून आपल्याकडे बघतात. एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये ११०९ खुर्च्या आहेत. त्या वेळी त्या सगळ्या आपल्याकडे वळल्यात असं वाटतं. भागांच्या मधल्या त्या शांततेत फक्त खोकायची मुभा. जे लोक वाद्यं वाजत असताना संयमाने बसलेले असतात ते त्या वीस सेकंदांत असे मनसोक्त खोकतात की तेही पत्रकावर छापायला हरकत नसावी. आम्ही ज्या परंपरेत वाढलो तिला हे झेपत नाही. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून, म्हणजे १८८० पासून, मराठी माणसाला आवडलं की ‘वन्स मोअर’ म्हणायची सवय आहे. बालगंधर्वांची नाटकं पहाटेपर्यंत चालायची ती कथानकामुळे नव्हे. एकेक पद पुन्हा, पुन्हा पुन्हा, आणि मेलेलं पात्रसुद्धा लोकांनी मागितलं तर उठून गायचं.

मला वाटायचं, हा आपला गावठीपणा. मग मोझार्टची गोष्ट वाचनात आली, आणि घाटकोपरबद्दलचा माझा आदर एकदम वाढला.

१७७८ साली बावीस वर्षांचा मोझार्ट पॅरिसमध्ये होता. तिथल्या लोकांसाठी त्याने एक सिंफनी लिहिली. वडिलांना धाडलेल्या पत्रात तो सगळी हकीकत सांगतो. पहिल्या भागाच्या मधोमध त्याने एक जागा मुद्दाम अशी घातली होती की लोकांना ती आवडणारच. आणि तसंच झालं: वाद्यं चालू असतानाच टाळ्यांचा कडकडाट. हे होणार याचा त्याला अंदाज होता, म्हणून तीच जागा त्याने शेवटी पुन्हा आणली. पुन्हा टाळ्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे शेवटचा भाग सगळी वाद्यं मिळून दणक्यात सुरू करत. याने तो नुसत्या व्हायोलिनांवर हळू सुरू केला. लोक एकमेकांना ‘श्शू’ करू लागले, आणि पाठोपाठ सगळी वाद्यं कोसळली तसे हातही कोसळले. कार्यक्रम झाल्यावर स्वारी खुशीत पॅले रोयालला गेली, तिथे आइस्क्रीम खाल्लं, आणि बोललेल्या नवसाप्रमाणे जपमाळ ओढून घरी परतली.

आता यात आमच्या खाऊ गल्लीत न बसणारं काय आहे? कार्यक्रम, टाळ्या, आइस्क्रीम, नवस. बीथोव्हेनचंही तेच. १८१३च्या डिसेंबरात व्हिएन्नात त्याची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली, आणि दुसरा भाग संपल्यावर लोकांनी तो तिथल्या तिथे परत वाजवायला लावला. हा वन्स मोअर झाला की नाही? हातांची घडी घालून देवळात बसल्यासारखं बसायची शिस्त पुढे एकोणिसाव्या शतकात हळूहळू आली. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. हलक्या झांजेचा तो एकुलता एक ठोका आमच्या मंडपात ऐकूच आला नसता. माइक न लावता ऐंशी माणसं इतकं हळू वाजवतात की शेवटच्या रांगेत पानाच्या सळसळीएवढं येतं, ही गोष्ट अनुभवायला तरी एकदा गप्प बसावं. पण ज्यांच्यासाठी आपण गप्प बसतो, त्यांनी स्वतः ते अपेक्षिलं नव्हतं एवढं मनात असलं की खुर्चीत जरा सैल बसता येतं.

शिवाय घाटकोपरला सिंफनी नवी आहे हेही खरं नाही. आम्ही ती रेडिओवर ऐकली. फक्त तिच्यावर कोणी गात होतं, त्यामुळे कळली नाही. १९६१च्या ‘छाया’मधलं तलत आणि लताचं द्वंद्वगीत काकांचं फार लाडकं, दाढी करताना ते तेच गुणगुणतात. सलील चौधरींनी ती चाल मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतून घेतली, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

“म्हणजे इतकी वर्षं मी मोझार्ट म्हणतोय?”

“रोज सकाळी.”

त्या दिवशी त्यांनी दाढी जरा गंभीरपणे केली.

ही चाल रेडिओपर्यंत पोचवणारे हात बरेचसे गोव्याचे. चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि नोटेशन शिकलेली ही माणसं मुंबईत आली, हॉटेलांत जाझ वाजवला, स्टुडिओत शंकर-जयकिशनची गाणी वाजवली, आणि सुट्टीच्या दिवशी सिंफनीत जाऊन बसली. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. झुबिन मेहतांचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, म्हणजे घरात ऑर्केस्ट्रा आधी आला आणि मुलगा मागून. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस दिवसा चित्रपटांचं वाद्यसंयोजन करत आणि त्यांनी १९५८ मध्ये स्वतःचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यं एकत्र आणायला. प्यारेलाल त्यांचे शिष्य. पुढे १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं, आणि अमिताभ अंड्यातून बाहेर आला. अख्ख्या देशाने ते नाव पाठ केलं. ज्याचं होतं त्याला कोणी ओळखलं नाही. आपल्याकडे गुरुदक्षिणेचे अनेक प्रकार आहेत, त्यातला हा जरा खट्याळ.

गप्प बसायच्या अडचणीवर अमेरिकेतल्या बॉस्टनकरांनी १८८५ मध्येच तोडगा काढला. हिवाळ्यात गंभीर सिंफनी, आणि उन्हाळ्यात तेच वादक हलकंफुलकं वाजवणार. लोकांनी टेबलांशी बसून खात-पीत ऐकावं. त्यालाच पुढे ‘पॉप्स’ नाव पडलं. खाऊ गल्लीच्या मधोमध ऐंशी वादक बसवता आले तर आम्हीही हे करू. पण तिथे सध्या डोशाच्या तव्यांनाच जागा पुरत नाही.

एनसीपीएबद्दल बेनना आणखी एक शंका होती, की ती पारशी आणि परदेशी लोकांचीच जागा. मी सांगितलं, आमचे पु. ल. देशपांडे तिथे मानद संचालक होते. आणि झाकिरभाईंनी याच वाद्यवृंदाबरोबर वाजवायला तबल्याचा कंचेर्तो रचला, ‘पेशकार’ नावाचा. २०१५ मध्ये इथे वाजला आणि २०१९ मध्ये हीच मंडळी तो घेऊन इंग्लंडला जाऊन आली. झाकिरभाईंचं नाव ऐकल्यावर बेन म्हणाल्या, तर मग जाऊ.

जायचं कसं यावर मात्र दोन दिवस चर्चा झाली. काकांचा विश्वास फक्त मध्य रेल्वेवर. फास्ट गाडीने सीएसएमटी, पुढे टॅक्सी. माझ्या मते ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत गेल्यामुळे घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, तिथे बदलून विधान भवन. काका म्हणाले, दक्षिणेला जायला आधी अंधेरीच्या दिशेने निघायचं हा द्राविडी प्राणायाम झाला. पण एसी आहे, असं बेन म्हणाल्या आणि तो मुद्दा निकालात निघाला. रविवारी असेल तर मेगाब्लॉकचीही भीती नाही.

राहिला प्रश्न काय ऐकायचं याचा. काकांना मी हायडनची ‘फेअरवेल’ सुचवली. या वेळी नसली तरी कधीतरी लागेलच. हायडन राजे एस्तरहाझींच्या पदरी होता. १७७२ साली महाराज उन्हाळी राजवाड्यात ठरल्यापेक्षा जास्त राहिले. वादकांची बायकापोरं दूर गावी, आणि रजा मागायची हिंमत कोणाची होईना. तेव्हा हायडनने अशी सिंफनी लिहिली की शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवून थांबतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि वाद्य काखोटीला मारून चालायला लागतो. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात. महाराज समजले. दुसऱ्याच दिवशी सामान बांधायचा हुकूम झाला.

गणपतीच्या रजेचे अर्ज आयुष्यभर पाहिलेल्या काकांना हा माणूस एकदम आपला वाटला. इतका बिनतोड अर्ज आपल्या खात्यात कधी आला नाही, असं ते म्हणाले. मग थोडा वेळ त्यांनी पत्रकाच्या मागे पेन्सिलीने गाड्यांच्या वेळा मांडल्या.

“म्हणजे शेवटी ते स्वतःच एकेक करून उठून जातात?”

“हो.”

“मग त्यांच्यातला चौथा-पाचवा उठला की आपणही उठू. कर्जत फास्ट मिळेल.”