शॉटवाले काका

आमच्या चेंबूरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचे काका कुठलंही काम ‘करत’ नाहीत, ‘शॉट घेतात’. पंप सुरू करणं हा शॉट, कुकर लावणं हाही शॉट. बटणावर बोट ठेवून आधी घरभर नजर फिरवतात आणि ओरडतात, “सगळे लांब? चार्जिंग!” आतून काकू म्हणतात, “अहो, मिक्सर आहे तो.”

पस्तीस वर्षं पल्स्ड पॉवरमध्ये, म्हणजे साठवलेली वीज एका झटक्यात सोडण्यात, गेली की असंच व्हायचं. मार्क्स जनरेटरचे कपॅसिटर समांतर चार्ज करायचे, मग स्पार्क गॅप पेटवून एका झटक्यात मालिकेत जोडायचे. लाखो व्होल्ट उभे राहतात, निर्वात डायोडमध्ये कॅथोडवरून इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो, टँटलमच्या पत्र्यावर आदळतो आणि क्ष-किरण निघतात. तयारी दिवसभराची, शॉटचा सोहळा 50 नॅनोसेकंदांचा! सेकंदाला किलोमीटरभर धावणारी गोळी तेवढ्यात 0.05 मिलिमीटर सरकते, म्हणून एक्स-रेमध्ये ती जागच्या जागी उभी दिसते. त्यामुळे लग्नाच्या अल्बममधला एकही फोटो काकांना पसंत पडत नाही. “हलला,” म्हणतात.

एकदा त्यांच्याबरोबर दादरला गेलो होतो. कापडाच्या दुकानात काकांनी खिशातून भिंग काढलं आणि मखमलीची लव न्याहाळायला लागले. या लवेतून कमी विद्युतक्षेत्रातही इलेक्ट्रॉन सुटतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

“ब्लाउजला की पर्सला?” दुकानदारानं विचारलं.

“कॅथोडला.”

“मग मरून घ्या. सध्या मरूनच चालतोय.”

काकांनी पाव मीटर मरून घेतलं.

सल्लेही सगळे डायोडमधून गाळून येतात. “करंट दुप्पट केलास तर क्ष-किरणांचा डोस दुप्पट. व्होल्टेज दुप्पट केलंस तर तेवढ्याच करंटला सहा-सात पट!” मेंटेनन्स थकवणाऱ्यांना सेक्रेटरी नोटिसांवर नोटिसा पाठवत होता. काका म्हणाले, हा नुसता करंट वाढवतोय. स्वतः जाऊन थकबाकीदाराच्या सोफ्यावर बसले आणि चेक घेऊनच उठले. पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे नवी सून आली, तेव्हा काका त्यांना म्हणाले, “वहिनी, कॅथोडवरचा प्लाझ्मा मायक्रोसेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकतो. गॅप मिटला की डायोड शॉर्ट, खेळ खलास. स्वयंपाकघरात गॅप ठेवा.” आजी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सुनेच्या फोडणीत त्यांनी नाक खुपसलं नाही म्हणे.

राग येतो तो पंगतीत हमखास निघणाऱ्या एकाच प्रश्नाचा. “काका, ते ट्रॉम्बेचं ‘काली’ यंत्र विमानं पाडतं का हो?” मग श्रीखंड बाजूला ठेवून काका सांगतात, “देवीचा काही संबंध नाही. किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर! आद्याक्षरं आहेत ती.” शिवाय दहा लाख व्होल्टलासुद्धा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतल्या शंभरातल्या दहा भागांचेही क्ष-किरण होत नाहीत, बाकी सगळी उष्णता, हेही ऐकवतात. विचारणारा तोवर मठ्ठ्याकडे वळलेला असतो.

त्यांच्या दारामागे एक काठी असायची. टोकाला तांब्याचा आकडा, आकड्यापासून अर्थिंगपर्यंत जाड वायर. बंद केलेल्या यंत्रालाही हिचा स्पर्श झाल्याशिवाय हात लावायचा नाही, असा दंडक. आम्ही पोरंटोरं तिला ‘काकांची गदा’ म्हणायचो. गेल्या मे महिन्यात पंप बिघडला. इलेक्ट्रिशियन मेन काढून कपॅसिटरला हात घालणार, तेवढ्यात काका बनियनवरच काठी घेऊन जिन्यावरून खाली आले.

“लांब हो.”

“काका, लाइट बंद आहे.”

“लाइट बंद आहे. कपॅसिटरला कुणी सांगितलंय?”

आकडा टेकवला आणि फट्‌कन ठिणगी उडाली. इलेक्ट्रिशियन दोन पायऱ्या मागे सरकला. काकांनी आणखी एकदा आकडा टेकवला, मग म्हणाले, “हं, आता घाल हात.”

ती काठी हल्ली सोसायटीच्या मीटर रूममध्ये टांगलेली असते.