चार बोटं हवा

माझी कंबर गेली त्या वर्षी मी ही गाडी घेतली. कंबर पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवून गेली असं मी सांगतो. बसून बसून गेली असं डॉक्टर सांगतात. तुम्हाला कंबर होती कधी, असं बायको विचारते. कारण काहीही असो, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मला खड्डा नको होता आणि पुणे महानगरपालिकेला तो देण्याची हौस होती. मधला मार्ग म्हणून मी नऊ वर्षं जुनी, परदेशी, लांबलचक, काळी सेडान घेतली. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक एकतर हळहळतात, नाहीतर उसने पैसे मागतात.

नवी असताना ही गाडी 60 लाखांच्या पुढे होती. मला 14 लाखांत मिळाली. एवढ्यात शेजारच्या जोशांनी नवी कोरी एसयूव्ही घेतली आणि पेढे वाटले. मी पेढे वाटले नाहीत, नुसता गालात हसलो. जुन्या आलिशान गाडीचं गणित मला तेव्हा अर्धंच कळलेलं होतं. गाडीची किंमत वर्षावर्षाला उतरते, पार्टची उतरत नाही. गाडी तुमच्याकडे 14 लाखांची असली तरी तिचा आरसा, तिचा सेन्सर, तिचा साधा रबरी पाइपसुद्धा स्वतःला 60 लाखांच्या घराण्यातलाच समजतो. खानदानी घरातली सून आणावी आणि तिचं माहेर रोज जेवायला यावं, तसं.

पण सुख! ते नाकारणार नाही. दार आपटावं लागत नाही, नुसतं टेकवलं की उरलेलं ते स्वतः ओढून घेतं. मागच्या सीटला पाठीची मालिश आहे. आमच्या सोसायटीच्या तोंडाशी कुणीतरी रातोरात घातलेला जो स्पीडब्रेकर आहे, ज्याच्यावर जोशांची एसयूव्ही अजून उसासा टाकते, तो आम्हाला लागतच नाही. कारण या गाडीला पोलादी स्प्रिंगा नाहीत, हवा आहे. प्रत्येक चाकाशी एक जाड रबरी फुगा, त्यांत हवा भरणारा एक कॉम्प्रेसर, आणि गाडी किती वर-खाली झाली ते क्षणोक्षणी कॉम्प्युटरला कळवणारे सेन्सर. माणसं बसली, गाडी दबली, की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी पुन्हा पातळीत येते. चालतो आपण हवेवर. अक्षरशः.

हे सगळं मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कराड डेपोत उभी हयात काढली, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, आता ऐंशी उलटली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हवेवर चालती म्हंजी बिरेक का?"

"ब्रेक नाही अण्णा, सस्पेन्शन."

"तेच ते. हवा हाय न्हवं? मग ती जाणार."

गुहागरला जायचं ठरलं ते अण्णांमुळेच. उंब्रजला महामार्ग सोडायचा, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर. हा रस्ता अण्णांच्या तळहातावर आहे. निघायच्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये ते गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी वाकून उभे दिसले. टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत त्यांनी हात आडवा घातला होता.

"तीन बोटं हाय. काल चार हुती."

"अण्णा, ही कॉम्प्युटरची गाडी आहे. काही असेल तर ती स्वतः सांगेल."

त्यांनी बोटं पँटला पुसली, गाडीत बसले आणि आपोआप लागणारं दार एसटीचं लावतात तसं दाणकन आपटलं. पार्किंगमधली दोन कबुतरं उडाली.

खंबाटकी कधी गेला कळलं नाही. अण्णांनी मालिश लावून घेतली, तिसऱ्या नंबरवर. साताऱ्याच्या अलीकडे मागून घोरण्याचा आवाज आला. बायकोने मागे वळून पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. अण्णा गाडीत झोपत नाहीत. जन्मात झोपलेले नाहीत. लग्नाच्या वऱ्हाडात, रेल्वेत, माझ्या आधीच्या तिन्ही गाड्यांत, समोरच्या रस्त्यावर डोळे लावून, उजवा पाय आवळून बसणारा हा माणूस. तो तोंड उघडं टाकून झोपला होता. 14 लाख तिथेच फिटले, असं वाटलं. वसुली पुढे होती.

उंब्रजला वळलो तेव्हा ते जागे झाले आणि कान देऊन बसले. "मोटार सारखी घुरघुरतीया बघ मागं कुठंतरी. हवा जातीया."

मी गाण्याचा आवाज वाढवला.

हेळवाकला चहाला थांबलो. भजी गरम होती, चहा बरा होता, पावसाळा नुकताच संपलेला, डोंगर हिरवेगार. निसर्गवर्णन संपलं, कारण बाहेर येऊन बघतो तर गाडी बसली होती. म्हैस बसताना आधी पुढचे गुडघे टेकते. आमची गाडी मागून बसली होती, कुत्र्यासारखी. मागचं डावं चाक मडगार्डच्या पोटात गेलेलं, पुढचं उजवं डोळा वर करून आकाशाकडे पाहणारं. स्क्रीनवर कॉम्प्युटरने अखेर सांगितलं होतं: गाडी फार खाली आहे, थांबा. थांबलोच होतो.

पाच मिनिटांत बारा माणसं जमली. दहावा विचारत होता, "केवढ्याला?" आणि बारावा सांगत होता, "टायर पंक्चर हाय." मी म्हणालो टायर ठीक आहे, आतला फुगा गेलाय. एका पोराने फुगा या शब्दावर फिस्स केलं ते शेवटपर्यंत त्याला आवरलं नाही.

मदतीसाठी जो नंबर असतो त्यावर फोन लावला. पलीकडे अतिशय गोड आवाज.

"सर, आपण सुरक्षित ठिकाणी आहात का?"

"चहाच्या टपरीवर आहे."

"जवळचं लँडमार्क सांगाल का, सर?"

"कोयना धरण."

"धरणाच्या जवळचं काही लँडमार्क, सर? मंदिर, हॉटेल?"

1,900 मेगावॉटहून जास्त वीज देणारा प्रकल्प, ज्याच्या वीजघरासाठी पलीकडच्या पोफळीला डोंगराच्या पोटात गुहा खणली, आणि तो या बाईंना पुरेना. शेवटी मी टपरीचं नाव सांगितलं. ते लगेच सापडलं. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, पाच तासांत येणार होता. साधी क्रेन चालणार नव्हती. चाकं उचलून, साखळी लावून ही गाडी ओढायची नसते. ती सगळीच्या सगळी, महाराजांसारखी, उचलून न्यावी लागते.

वाट पाहताना मी बायकोला फ्रान्सचा किस्सा सांगितला. 1955 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएन डीएस आली, तेल आणि वायूवर तोलणारी, आणि पहिल्याच दिवशी हजारो गिऱ्हाइकांनी नोंदणी केली. 1962 साली पती-क्लामारला राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या डीएसवर मारेकऱ्यांनी गोळ्यांचा पाऊस पाडला, टायर फुटले, तरी ड्रायव्हरने गाडी सावरून सुसाट काढली आणि द गोल वाचले. असल्या गाडीचं सामर्थ्य सांगायचं होतं मला.

"आपल्यावर कोणी गोळी झाडली?" बायकोने विचारलं आणि भज्यांची दुसरी प्लेट मागवली.

तोवर अण्णांनी समोरच्या पंक्चरवाल्या पोराला कामाला लावलं होतं. आमच्या गाडीत जॅक नव्हता. स्टेपनीही नाही, पंक्चर झालं तरी काही अंतर चालणारे टायर आहेत म्हणून कंपनीने ती दिलीच नाही. पोराने ट्रकचा जॅक आणला, तो गाडीखाली शिरेना, मग लाकडी ओंडके लावून, शिव्या देऊन, गाडी एका बाजूने उचलली. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीत साबणाचं पाणी केलं. अण्णा मला म्हणाले, "चालू कर." इंजिन सुरू झालं, कॉम्प्रेसर घुरघुरला. पोराने टॉर्च मारून रबरावर पाणी उडवलं आणि अण्णांनी मला वाकायला लावलं. माझी कंबर म्हणजे वाकायची वस्तू नव्हे, पण वाकलो. फुग्याला खालच्या बाजूला जिथे घडी पडते, तिथे नखाएवढी चीर होती. तिच्यातून बारीक बुडबुडे येत होते, सुरकुतीतून घाम फुटावा तसे.

"रबर म्हातारं झालं," अण्णा म्हणाले. "घडीवर चिरतं. चीर एवढीशी, पर ती भरून काढायला मोटार दिसभर पळती. मग मोटार जळती. बंद कर आता."

वर्कशॉपने पुढे मला तीन पानी अहवाल दिला. त्यात हेच होतं, इंग्रजीत, अठरा टक्के जीएसटी लावून.

पोराने पैसे घेतले नाहीत. "काम कुठं झालंय?" म्हणाला. मी बळेच दोनशे रुपये खिशात कोंबले, तर फिस्स करणाऱ्या पोराने त्यातले पन्नास मागितले.

दुपार उतरली. अण्णा टपरीच्या बाकावर बसून घाटाकडे बघत होते. मी म्हणालो, "परत जाऊ या का पुण्याला? गुहागर पुन्हा कधीतरी."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुहागरची वस्तीची गाडी केली मी. किती वर्षं केली मोजली न्हाईत. रातच्याला पोचायचं, भाकरी खायाची, आडवं व्हायचं. पहाटं गाडी काढायची. रातभर समुद्राचा आवाज यायचा. रोज म्हणायचो, उद्या जरा लौकर उठून बघून येऊ."

"मग?"

"उद्या गाडी असायची."

मी चहाचे पैसे द्यायला उठलो. दिलेले होते, तरी उठलो.

फ्लॅटबेड आला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. गाडी चढली, चाव्या दिल्या, सह्या झाल्या आणि 14 लाख ट्रकच्या पाठीवर, मागून बसलेल्या अवस्थेत, पुण्याच्या दिशेने निघाले. दहा मिनिटांत चिपळूणची एसटी आली. अण्णांनी हात केला. आपण करतो तसा नव्हे. कोपरातून जरासा, तळवा खाली. ड्रायव्हरने गाडी थेट त्यांच्या पायाशी उभी केली.

घाटात माझ्या कंबरेचं काय झालं ते मी डॉक्टरांना सांगितलंय, इथे पुन्हा नको. अण्णा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. प्रत्येक वळणाला त्यांचा पाय फळीवर दाबला जायचा, वळण सरलं की सुटायचा. मला वाटलं आता म्हणतील, खरी गाडी ती ही. लाल परीचं कौतुक ऐकायची मी तयारीही ठेवली होती. पोफळीच्या आसपास ते मागे वळले आणि कानात ओरडले, "गुडघं गेलं रं माजं! त्या गाडीची ती मालिशवाली सीट हितं बसवाया पायजे हुती!"

गुहागरला पोचेपर्यंत रात्र झाली. व्याडेश्वराचं दर्शन झालं, उकडीचे मोदक झाले. सकाळी अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले, दीड तास. मी फोटो काढायला गेलो तर म्हणाले, "बाजूला हो, दिसत न्हाई."

बिल सांगत नाही, कारण बायको हे वाचणार आहे. फुगा गेला, कॉम्प्रेसरही गेला, आणि दुसऱ्या बाजूचा फुगाही त्याच वयाचा म्हणून तोही बदलून घ्या, असं सांगण्यात आलं. जोशांनी विचारलं, "विकून का टाकत नाही?" मी पुन्हा गालात हसलो, पण या वेळी जरा कमी.

अण्णा आता रोज सकाळी फिरून येताना पार्किंगमध्ये थांबतात. चारी चाकांशी वाकतात, फटीत हात आडवा घालतात, बोटं पँटला पुसतात. मग वर येऊन चपला काढता काढता माझ्याकडे न बघता सांगतात, "चार हाईत. आज कुठं जायाचं असंल तर जाऊन घे."