हिरवं पाणी, निळी हौस

शेवाळाचा मनापासून राग फक्त एकाच माणसाला येतो, ज्याच्या अंगणात पोहण्याचा तलाव असतो त्याला. बाकीचे शेवाळावरून घसरतात, कंबर चोळतात आणि विसरून जातात. माझ्याकडे तलाव नाही, त्यामुळे या विषयात माझा अधिकार मोठा आहे. नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून वाघेऱ्यावरून हरसूलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक टेकडी, टेकडीवर घर आणि घरापुढे निळाशार लांबट चौकोन अशी माझी मनातली इस्टेट आहे, आणि तिथल्या पाण्याची निगा मी गेली कित्येक वर्षं निव्वळ वाचनावर राखतो आहे. तो तलाव आजवर एकदाही हिरवा पडलेला नाही. या निर्मळ अनुभवाच्या जोरावर माझं म्हणणं असं, की घरच्या तलावात आपण पाणी स्वच्छ ठेवत नसतो, त्याला तळं होण्यापासून अडवत असतो. पाण्याचा कल तळं होण्याकडेच असतो. वरून ऊन, वाऱ्याबरोबर माती, मातीबरोबर फॉस्फेट आणि पाहुण्यांच्या अंगाचा घाम एवढं मिळालं, की शेवाळाला वेगळं आमंत्रण लागत नाही.

आता हे अडवायचं कसं, ते पाहा. तलावात क्लोरीन दर लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम हवं आणि पीएच ७.२ ते ७.८ हवा. मालक क्लोरीनचा आकडा पाठ करतो आणि पीएचकडे लेकीच्या सासरच्या लांबच्या नातलगाकडे पाहावं तसं पाहतो. वास्तविक सगळं घर त्या नातलगाच्या शब्दावर चालतं. पीएच ७.५ असेल तर टाकलेल्या क्लोरीनपैकी निम्मंच जोमाने काम करतं. तो ८ वर गेला की कामाचं क्लोरीन पाव हिश्श्याहूनही कमी उरतं आणि बाकीचं नुसतं हजेरी लावतं. त्यात गंमत अशी, की ब्लीचिंग पावडर स्वतःच पीएच वाढवते. म्हणजे पाणी हिरवट दिसलं म्हणून घाबरून पावडर ओतावी, तर पीएच चढतो, पावडर निकामी होते, पाणी आणखी हिरवं होतं, आणि मालक पुन्हा पावडर ओततो. उन्हाचं वेगळंच. सायन्यूरिक आम्लाचा आधार नसेल, तर भर दुपारी तास-दोन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. आणि आधार म्हणून ते आम्ल मिसळलेल्या क्लोरीनच्या गोळ्या महिनोन् महिने टाकत राहिलं, तर ते आम्ल साठून क्लोरीनलाच जखडून ठेवतं. तलावाकाठी नाकाला झोंबणाऱ्या ज्या वासाने मालकाची छाती फुगते, तो वास बहुतांशी क्लोरीनचा नसतोच. क्लोरीनची घामाशी आणि लघवीशी गाठ पडून जे क्लोरामाइन तयार होतं, त्याचा असतो. वास जितका उग्र, पाहुणे पाण्यात तितकेच मनमोकळे वागले असं समजावं. आणि माणसाच्या अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास असतो, तलावाला हवा अगदी तितकाच. सातव्या खेपेला पाणी हिरवं पडलं की मालकाने काठावर बसावं, समतोल आपोआप साधेल.

पण ज्याच्याविरुद्ध एवढी फौज उभी करायची, त्याचं घराणं तरी कोणतं? इथे मला जरा सैल बोलू द्या, कारण शेवाळ हा माझा आवडता विषय आहे. कालिदासाने वल्कलं नेसलेल्या शकुंतलेला उपमा दिली ती शेवाळात गुंतलेल्या कमळाची. शेवाळ चिकटलं तरी कमळाची शोभा उणावत नाही, असं त्याचं मत. अर्थात त्याला तलाव घासावा लागत नव्हता. तलावाच्या फरशीच्या सांध्यांत जे काळं शेवाळ मूळ धरून बसतं आणि तारेच्या ब्रशालाही दाद देत नाही, ते खरं शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांच्या कष्टाने. म्हणजे ब्रश मारता मारता मालकाला जी धाप लागते आणि ती भरून काढायला तो जो श्वास घेतो, ती त्याच कुळाची देणगी. एवढ्यावर भागत नाही. स्पिरुलिना नावाच्या ज्या हिरव्या गोळ्या डबीतून विकत घेऊन माणसं सकाळी अनशापोटी गिळतात, त्याही याच भावकीतल्या. पाण्यात फुकट आली की घाण, डबीत पैसे मोजून आली की प्रकृतीला उत्तम. शेवाळाला बोलता येत असतं तर त्याने एवढंच विचारलं असतं, की बाबा रे, माझा नक्की भाव काय?

यावर कुणी म्हणेल, मग राहू द्या हिरवं, सोडा चार गप्पी मासे. नाही. शेवाळ स्वतः सहसा विषारी नसलं, तरी ते क्लोरीन खातं, जंतूंना आडोसा देतं, पायऱ्या बुळबुळीत करतं, आणि गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं पोर काठावरून दिसत नाही. या शेवटच्या मुद्द्यापुढे कालिदासही गप्प बसेल. दुसरा आक्षेप खास नाशिकचा: एवढं रसायनशास्त्र कशाला, मोरचूद टाका. इथल्या द्राक्षवाल्यांना मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण घरच्या चहासाखरेसारखं ठाऊक, तेव्हा हा सल्ला यायचाच. मोरचुदातल्या तांब्याने शेवाळ मरतं हे खरं. पण तांबं उडून जात नाही, पाण्यातच राहतं, फरशीवर डाग पाडतं, आणि आजोबा पोहायला उतरले तर त्यांच्या पांढऱ्या केसांवर वसंत ऋतू येतो. खरा उपाय फार नीरस आहे. भिंती घासणं, मोटर रोज पुरेसे तास चालवणं, फिल्टरची वाळू उलट्या पाण्याने धुणं, आधी पीएच उतरवून मगच क्लोरीन देणं आणि तेही सूर्य मावळल्यावर. हे सगळं नेमाने. शनिवारी रात्री पाहुणे येणार म्हणून शनिवारी सकाळी पोतं रिकामं करण्याला समतोल म्हणत नाहीत. त्यातून माझ्या टेकडीच्या त्र्यंबकेश्वर तालुक्याचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या घरातला. तो जूनपासून मालकाची सगळी गणितं पातळ करून ठेवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस आणि सर्वांत चिडवणारा: माझी बोअर, माझं पाणी, तुम्ही कोण विचारणारे? दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावात ७५,००० लिटर पाणी मावतं. जल जीवन मिशनने गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे हे तेराशेहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर सात माणसांचा वाटा रोज कुणी न पोहताच हवेत जातो. इथला काळा पाषाण पावसाचं पाणी फार साठवत नाही. ते उतारावरून धावत निघून जातं आणि मार्चनंतर विहिरी तळ दाखवू लागतात. याच तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्लीवरून डोक्यावर हंडे घेऊन पाणी आणत. फोटो गाजले, २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल आला, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वाहून गेला. बोअर खणणाऱ्याची असते, हे कागदावर ठीक आहे. खालचं पाणी सातबारा वाचून थांबत नाही.

आणि अशा पाड्यांच्या विहिरींतही पडते ती तीच ब्लीचिंग पावडर, गावच्या भाषेत टीसीएल. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती बादलीत कालवतो, निवळ विहिरीत सोडतो, मग पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचा, म्हणजे ओटीचा, थेंब टाकतो. नमुना पिवळा झाला की पाणी पिण्याजोगं. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम राहिलं तरी चालतं. पोहणाऱ्याला त्याच्या पाच ते पंधरा पट लागतं, आणि तरी तो तक्रार करतो. जलसुरक्षकाला निळ्या रंगाशी काही कर्तव्य नसतं. तसंही ते निळेपण मुख्यतः फरशीचं असतं, पाण्याचं फारच थोडं.

हे एवढं सिद्ध केल्यावर माझ्या टेकडीवरचा तलाव मी बुजवायला हवा. मनातला असल्यामुळे त्याला खर्चही नाही. पण अजून बुजवलेला नाही. फक्त फरशी बदलायची ठरवली आहे. हिरवी घेणार.