नदी साफ करण्याची सोपी कृती

ही कृती राधानगरीत बसून लिहिली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. इथं भोगावती नुकती धरणातून बाहेर पडलेली असते आणि वर दाजीपूरच्या जंगलात पाणी नासवायला गव्यांशिवाय कुणी नाही. अशा जागी राहून खालच्यांना स्वच्छतेचे धडे देणं फार सोयीचं. आपल्या बाजारपेठेचं गटार कुठं जातं, हे आपल्याला कुणी विचारत नाही. पुलाखालून पुढं गेलं की ते कोल्हापूरचं. प्रयाग चिखलीच्या संगमानंतर भोगावतीचं नावही उरत नाही, ती पंचगंगा होते, म्हणजे पुरावाच नष्ट.

साहित्य: रबरी हातमोजे, एकाच रंगाच्या टोप्या, घाटाच्या पायऱ्या झाकतील एवढा डिजिटल फलक, फोटो काढणारा एक पुतण्या आणि एक मोकळा रविवार. फलकावर नेत्यांचे फोटो वयाच्या क्रमानं लावावेत. नदीचा फोटो नसला तरी चालतो.

कृतीला सुरुवात घाटावरून करावी, कारण तिथं चहा मिळतो. काठावरच्या बाटल्या, पिशव्या, देवाच्या फुटक्या तसबिरी गोळा कराव्यात. हे काम कमी लेखू नका. २०१९ मध्ये महापालिका आयुक्त डॉ. मल्लिनाथ कलशेट्टी यांनी कोल्हापुरात रविवारची स्वच्छता मोहीम सुरू केली, तेव्हा जयंती नाल्यात उतरायलाही माणसं तयार झाली. साहेब स्वतः चिखलात उभे असले की तालमीच्या पोरांना काठावर उभं राहायची लाज वाटते, हा कोल्हापूरचा स्वभावच आहे. मात्र नवशिक्यानं एक ध्यानात ठेवावं. बुट्टीत येतं तेवढंच बुट्टीनं निघतं. नाल्यातून येणारं मैलापाणी बुट्टीत थांबत नाही आणि सोमवारी सुट्टीही घेत नाही.

पुढची पायरी केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची. हिवाळ्यात बंधाऱ्यांना बरगे घातले की पाणी तुंबतं आणि वर हिरवा गालिचा पसरतो. पाहुण्यांना तो आवडतो, फोटोही झकास येतात. पोकलेन आणा, ट्रॉल्या भरा, बातमी द्या. खायला भरपूर मिळालं की केंदाळ दोनेक आठवड्यांत दुप्पट होतं, आणि मैलापाण्यातला नत्र-स्फुरद त्याला आपण अखंड पुरवत असतो. त्यामुळे ठेकेदाराचं काम कधी संपत नाही. गावात रोजगार राहतो, हा एक फायदा.

मासे मेले तर घाबरू नका. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यावर हे दृश्य नेहमीचं आहे. आंघोळीच्या लायक पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा आणि जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या आत हवी, असा सरकारी निकष आहे. डिस्टिलरीच्या सांडपाण्यात ही मागणी कित्येक हजारांत असते. ते नदीत शिरलं की पाण्यातले जंतू ते पचवताना सगळा प्राणवायू संपवतात आणि मासे तोंड वर काढून गुदमरतात. अशा वेळी कारण शोधत बसायचं नसतं. पंचनामा करायचा, बाटलीत पाणी भरायचं आणि मागणी करायची, ‘राधानगरीतनं पाणी सोडा!’ शाहू महाराजांनी हे धरण बांधायला घेतलं तेव्हा डोळ्यांसमोर शेत होतं. त्याला फ्लशची टाकी करण्याची कल्पकता आपली. पाणी सुटतं, मेलेले मासे नृसिंहवाडीकडं जातात आणि प्रश्न गावाबाहेर सुटतो.

एवढं करूनही नदी ऐकत नसेल, तर सगळ्यांत खात्रीचा उपाय करावा: ती सोडून द्यावी. कोल्हापूरनं बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर इथून वर्षानुवर्षं नदीचं पाणी उचललं. मग थेट पाइपलाइनसाठी आंदोलनं झाली आणि २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ आली, माणसं दगावली. त्या शहरानंही पंचगंगेची आशा सोडली. त्याला आता दूधगंगेचं पाणी सुळकूडवरून हवं आहे आणि दूधगंगाकाठची गावं ते द्यायला तयार नाहीत. दोघांचंही चूक म्हणता येत नाही. पण दूधगंगेवरचं ते काळम्मावाडी धरण आमच्याच तालुक्यात आहे. खालची नदी घाण झाली की प्रत्येक गाव एक पायरी वर सरकतं. असंच चालू राहिलं तर एक दिवस सगळा जिल्हा बादल्या घेऊन दाजीपूरच्या गेटवर रांगेत उभा राहील, आणि गव्यांना टोकन घ्यावं लागेल.

आता एक पायरी जरा गांभीर्यानं. गणपतीत पंचगंगा घाटावर उभं राहून लोकांना मूर्ती पाण्यात सोडू नका म्हणून सांगणं हे नवशिक्याचं काम नव्हे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी ते सुरू केलं, तेव्हा ‘आमच्याच सणाला का?’ हा प्रश्न त्यांना पायरीपायरीवर ऐकावा लागला. पुढं गावोगावी मूर्तिदान आणि निर्माल्यदान रुळलं. का रुळलं, ते बघण्यासारखं आहे. घाटावर गुळाच्या काहिली पाणी भरून ठेवल्या. घरच्यांनी आरती करावी, मूर्ती काहिलीत तीनदा बुडवावी, मग हात जोडून ट्रॉलीत द्यावी. ज्या काहिलीत आपल्याच उसाचा रस आटतो, त्यात देव बुडवताना परकेपणा वाटत नाही. निर्माल्याचं खत झालं. आणि घाटावर उभा असलेला कार्यकर्ता अनोळखी नसायचा, शाळेतले सर किंवा गल्लीतला पोरगा असायचा. आजी म्हणायची, ‘व्यवस्थित ठेव बाबा, फेकू नकोस.’ तो खरंच व्यवस्थित ठेवायचा. माझ्या मते पुढच्या वर्षी ती आजी पुन्हा आली, ती याच एका गोष्टीमुळं. घाटावर लाउडस्पीकरवरून सुविचार ऐकवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मैलापाण्याला आरती नसते, म्हणून पुढची पायरी अवघड. इथं हातमोजे काढून ठेवा आणि पायात चांगली चप्पल घाला. घाटाकडं पाठ करून नाल्याच्या कडेनं वर चालत जा. कुठला पाइप कुठून येतो, त्याला रंग कुठला, वास कधी येतो, पहाटे तीनला की पाहणीच्या दिवशी सोडून बाकी सगळ्या दिवशी, हे वहीत लिहा. कसबा बावड्यात दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र आहे. पण जयंती नाल्याचं पाणी पंपानं उचलून तिथं न्यावं लागतं. पंप थांबला की नाल्याला नदीचा जुना रस्ता पाठ आहेच. म्हणून नदीच्या तब्येतीची चौकशी घाटावर करू नका, उपसा केंद्राच्या दारात करा: वीज गेली तर जनरेटर आहे का, त्यात डिझेल आहे का, गेल्या महिन्यात पंप किती तास बंद होता. मग तेच प्रश्न आपल्या ग्रामपंचायतीत विचारा, म्हणजे इथं, राधानगरीतसुद्धा. तिथं ते प्रश्न विचारणाऱ्याचा चहा बंद होतो, याची मानसिक तयारी ठेवावी.

याचा फोटो येत नाही. पुतण्याला घरी पाठवा.

प्रश्न लेखी द्यावेत, दोन प्रतींत. ‘साहेब फिरतीवर हाईत’ असं सांगतील, तरी बाकावर बसून राहावं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. शिक्क्यावरची तारीख आजचीच आहे ना, ते तिथंच वाचून बघावं. पुष्कळदा शिक्का गेल्या महिन्यात अडकलेला असतो.