भावोजींनी टोप घासला!

सांगते, पण कुठे बोलू नका. आमच्या दापोड्यातले भावोजी, ज्यांनी लग्न झाल्यापासून चहाची कपबशी मोरीपर्यंत नेलेली नाही, ते भंडारदऱ्याच्या काठी उकिडवे बसून राखेनं टोप घासत होते! ऐकीव नाही हो, व्हिडिओ आहे. वर गाणंही लावलंय. जाऊबाईंनी मला तो तीनदा दाखवला. पहिल्यांदा हसत, तिसऱ्यांदा दातओठ खात.

खूळ शिरलंय डोक्यात, दुसरं काय! पूर्वी रविवार म्हटला की क्रिकेटचे सामने, नाहीतर कुणाच्या तरी हळदीला डीजे. आता शनिवारी दुपारपासून गाडीच्या टपावर बोचकी चढतात आणि मंडळी कॅम्पिंगला निघतात. गाडी स्वतःची, तंबू स्वतःचा, शेगडी स्वतःची. अक्कल तेवढी यूट्यूबची.

आमचं गाव तुम्हाला माहीत आहे. जिकडे बघाल तिकडे गोडाऊन. माणकोली नाक्यावर कंटेनरची रांग हटत नाही. आठवडाभर खोकी उचलायची, बिलं फाडायची, टेम्पो भरायचे, आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर सॅक लादून डोंगर चढायचा, तोही पदरचे पैसे घालून! आमच्या अण्णांना हे काही केल्या पचत नाही. उभं आयुष्य हमाली केलेला माणूस. म्हणतात, "ओझ्याची मजुरी घेतात रे, देत नाहीत."

बरं, डोंगरच हवा तर आसनगावचा माहुली काय वाईट? आपल्या जिल्ह्यातला, ८५८ मीटर उंच, आणि १६३६ साली शहाजीराजे वेढ्यात अडकले तो किल्ला. पण नाही! सकाळी जाऊन संध्याकाळी घरी आलं तर तंबू ठोकायचा कधी? म्हणून कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. म्हणजे फोटोखाली लिहायलाही बरं.

त्यात समृद्धी महामार्गानं आगीत तेल ओतलं. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला, आणि आमणे तर आमच्याच तालुक्यात. कसाऱ्याचा घाट चढायला नको, बोगद्यातून थेट इगतपुरी, पुढे घोटीवरून कळसूबाईच्या पायथ्याचं गाव बारी. बाइकवाल्या पोरांना मात्र त्या रस्त्यावर मज्जाव, ती जुन्या हायवेचे खड्डे मोजत जातात. गाडीवाले नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर घालवतात आणि पुढे वेळ वाचला म्हणून मिरवतात.

रात्री भंडारदऱ्याला मुक्काम. सगळा भाग अभयारण्याचा, पण स्पीकर मध्यरात्र उलटली तरी बंद नाही. जंगलाच्या शांततेसाठी आलो, असं एकमेकांना ओरडून सांगावं लागत होतं म्हणे! पहाटे तीनला उठून बारीतून चढायला सुरुवात. लोखंडी शिड्यांपाशी ही गर्दी! प्रत्येक जण मधल्या पायरीवर थांबून मान वळवणार, खालचा फोटो काढणार, मागचे ताटकळणार. भावोजी नव्या बुटांत, दोन्ही हातांत काठ्या, दर वळणावर "फक्त पाच मिनिटं." तेवढ्यात बारीतली एक आजी डोक्यावर ताकाची कळशी घेऊन, पायात रबरी चपला घालून शेजारून निघून गेली. वर पोचल्यावर तिच्याकडूनच ताक घेतलं, आणि तिनं वर विचारलं, "बरं नाही का, दादा?"

आता खरी मेख ऐका. ही कळसू कोण? गावात सांगतात, कोळ्याची पोर, एका घरी कामाला राहिली. अट एकच: पडेल ते काम करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एके दिवशी नेमकं तेच काम अंगावर टाकलं, तशी ती तडक डोंगरावर निघून गेली, ती परतलीच नाही. म्हणजे भांड्यांपायी देवीनं ज्या डोंगरावर मुक्काम हलवला, त्याच्या पायथ्याशी आमचे भावोजी हौसेनं भांडी घासायला गेले! जाऊबाई म्हणाल्या, देवी वरून बघत असेल तर कपाळाला हात लावला असेल.

आणि तो तंबू! रोज शेकडो पार्सलं पॅक करून घेणारा माणूस, पण तंबू काही पिशवीत परत जाईना. दांड्या मोडल्या, कापड गुंडाळलं, वर दोघं बसले, चेन निम्म्यावर अडकली. शेवटी तसाच डिकीत कोंबला. सध्या तो आमच्या माळ्यावर पसरलाय. पापड वाळवायला बरा पडेल म्हणून मी गप्प आहे.

पण बायकाही काही कमी नाहीत. नवरात्रात कळसूबाईला जत्रा असते; आजूबाजूच्या गावांतल्या बाया साडी खोचून भराभर वर चढतात, त्यांना ना काठी लागते ना बूट. आमच्या आळीतल्या दहा-बारा जणींनी टेम्पो ठरवलाय, पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटून घेतलीय. पुरुषांना नेणार नाही असं एकमतानं ठरलं. अपवाद फक्त अण्णांचा. ते ओटीचं सामान उचलायला तयार आहेत, मजुरी मात्र आगाऊ मागतायत.