रानात ‘ओपन स्टुडिओ’ कसा भरवावा

आधी व्याख्या. जे काम आपल्या घरी बसून होत नाही, ते परगावी जाऊनही न होणे याला ‘रेसिडेन्सी’ म्हणतात. आणि ते न झालेलं काम शेवटच्या दिवशी दार सताड उघडून लोकांना दाखवणे, हा ‘ओपन स्टुडिओ’. दोन्हींचा प्रस्तुत लेखकाला दांडगा अनुभव आहे.

आम्ही चौघे चित्रकार गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेऊन पंधरा दिवस राहिलो. आम्ही त्याला रेसिडेन्सी म्हणायचो. घरमालक म्हणायचे, “मास्तर लोक आले आहेत.” कागद-पेन्सिल घेऊन फिरणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तर.

नियम १ : ऋतू पाहावा. पावसाळा बाद. पर्लकोटा नदी चढली की पुलावरून पाणी जातं, पलीकडचं भामरागड तुटतं आणि प्रदर्शन ‘मोजक्या रसिकांच्या उपस्थितीत’ पार पडतं. मोजके म्हणजे तुम्हीच चौघे. मार्च-एप्रिलात अख्खं गाव पहाटेपासून मोहाखाली फुलं वेचत असतं, मे महिन्यात तेंदूपत्ता. या दिवसांत कुणाला चित्र बघायला बोलावणं म्हणजे मार्चअखेरीला बँकेत जाऊन कॅशियरला कविता ऐकवणं. राहता राहिला हिवाळा. तेव्हा हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्याही येतात.

नियम २ : आठवडी बाजाराच्या दिवशी भरवू नये. आम्ही भरवला.

नियम ३ : वाटेत खाकीतल्या माणसाने गाडी थांबवून “काय करायला आलात?” असं विचारलं, तर ‘इन्स्टॉलेशन’ हा शब्द तोंडातून काढू नये. “चित्रं काढायला” म्हणावं. गडचिरोली जिल्ह्यात काही शब्दांचा अर्थ आपण ठरवत नाही.

नियम ४ : स्थानिक रंगद्रव्यांचा मोह आवरावा. बिब्ब्याचं तेल कापडावर असं पक्कं बसतं की पूर्वी धोबी त्यानेच खुणा करत. ते कातडीवरही तितक्याच निष्ठेने काम करतं. आमच्यातला एक ‘मातीशी नातं’ जोडायला गेला आणि दोन्ही हातांवर फोड घेऊन बसला. हिरड्याच्या काढ्यात गंजके खिळे रात्रभर टाकून ठेवा, झकास काळी शाई मिळते. हे मात्र थट्टेत नाही सांगत, करून बघा.

नियम ५ : निवेदन. भिंतीवर चित्रापेक्षा मोठं निवेदन हवंच. माझं असं होतं : ‘प्रस्तुत मालिका अरण्यातील अनुपस्थितीशी संवाद साधते.’ हे लिहायला मला चार दिवस लागले, चित्राला दीड.

बाजार आटोपून परतणारे पंधरा-वीस माडिया गोंड बाया-माणसं दारात थबकली. ‘जोहार’ झाला. इथे माझा माडियाचा साठा संपला, म्हणून आश्रमशाळेतल्या एका पोराला दुभाषा केलं. मी दहा मिनिटं अनुपस्थितीवर बोललो. पोराने दोन-तीन शब्दांत आटोपलं. काय सांगितलंस, म्हणून विचारलं. “हे झाडं काढते म्हणून सांगितलं.” इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाट्याला त्याआधी आली नव्हती.

खरं तर इथे राहायला यायचं तर आधी भाषा शिकावी लागते. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचं काम सुरू केलं आणि पाठोपाठ डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे रानात राहायला आले, तेव्हा एकेक शब्द गोळा करत ते माडिया शिकले. त्याला कुणी रेसिडेन्सी म्हटलं नाही. ते पंधराव्या दिवशी परतही गेले नाहीत. असो, विषयांतर झालं.

नियम ६ : बघणारा बोलत नसेल तर त्याला चित्र कळलं नाही, असं समजू नये. एक म्हातारा माझ्या सर्वांत मोठ्या चित्रापुढे उकिडवा बसला. बराच वेळ. मी मनातल्या मनात मुलाखत देऊ लागलो. मग त्याने बोट उचलून खोडावर टेकवलं. ओल्या रंगावर. पोराने भाषांतर केलं, “हा साज आहे का, विचारते.” होय, साजच. म्हणजे आपला ऐन. “मग साल कुठं गेली, म्हणते.”

ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते. मी खोड गुळगुळीत रंगवलं होतं. हे झाड गोंडांच्या देवाचं. पंधरा दिवस मी रोज त्याला टेकून चहा प्यालो होतो. पाठीला टोचत होतं, हे आता आठवलं.

नियम ७ : पर्यटकांशी गोड बोलावं. संध्याकाळी एक पुणेकर कुटुंब आलं. काकूंनी सगळी चित्रं निगुतीने पाहिली, “छान टाइमपास आहे हो तुमचा,” म्हणाल्या आणि ब्रश ठेवलेली टोपली उचलून किंमत विचारली. ती शेजारच्या बाईंनी विणलेली. मी त्यांना शेजारचं अंगण दाखवलं. तिथे तीन टोपल्या गेल्या, घासाघीस करून. माझ्या चित्रांसाठी कुणी घासाघीससुद्धा केली नाही.

साल मी परत आल्यावर रंगवली. म्हाताऱ्याच्या बोटाचा ठसा तसाच ठेवला आहे. भेगा त्याच्या कडेकडेने घेतल्या.

तुम्हाला टोपली हवी असेल तर घेताना बांबू कधी तोडला ते विचारा. पावसाळ्यात तोडलेला असेल तर भुंगा लागतो, वर्षभरात पीठ होतं. थंडीत तोडलेला टिकतो. आणि घासाघीस करू नका.